नावाचा अभिमान आणि नावाचे ऋण

मनुष्य जन्मास येतो तेव्हा त्याच्याजवळ नाव नसते. बाराव्या दिवशी बारसे होते, आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, आणि तेव्हापासून तो शब्द त्या जिवाला असा चिकटतो की, पुढे गाढ झोपेतही कोणी त्या शब्दाने हाक मारली तर तो दचकून जागा होतो. नावामागे वडिलांचे नाव येते, त्यामागे आडनाव येते. आणि हळूहळू त्या बालकाची अशी दृढ समजूत होऊन बसते की, हे तीन शब्द म्हणजेच मी. त्या शब्दांचा कोणी गौरव केला की त्याला स्वतःचा गौरव झालासा वाटतो. त्यांना कोणी नावे ठेवली की त्याच्या जिवाचा संताप होतो.

गीतेचे नित्य पठण करणाऱ्या गृहस्थापुढे येथे एक प्रश्न उभा राहतो. आत्मा जन्मत नाही व मरतही नाही, शरीर हे त्याने पांघरलेले वस्त्र आहे, असे भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सांगितले. मग वस्त्राला दिलेले नाव वस्त्राबरोबरच जाणार. असे जर आहे, तर नावाची आणि कुळाची किंमत ती काय? ती केवळ ओळखीची चिठ्ठी समजून मनातून टाकून द्यावी काय? आणि टाकून द्यावयाची असेल, तर स्वतः भगवान अर्जुनाला पदोपदी इतक्या निरनिराळ्या नावांनी हाक का मारतात? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. मुलाचे नाव ठेवताना, सोयरीक जुळविताना, दारी आलेल्या अनोळखी मनुष्यास ‘आपले आडनाव काय?’ असे विचारताना आपण रोज त्याचे उत्तर आपल्या वर्तनाने देतच असतो.

प्रथम ही कुलनामे आली कोठून ते पाहू. ज्या शब्दाचा आपण अभिमान धरतो त्याचे मूळ पुष्कळांनी कधी शोधलेलेच नसते.

महाराष्ट्रात एक मोठा वर्ग गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून झालेल्या आडनावांचा आहे. चिपळूणचा तो चिपळूणकर, नाशिकचा तो नाशिककर. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण ओळखणार? तेथे सगळेच त्या गावचे. गाव सोडून परमुलखात गेलेल्यालाच लोक असे नाव देतात. म्हणजे हे आडनाव बहुधा वैभवाची खूण नसून, पोटासाठी वा संकटामुळे घर सोडलेल्या कोणा पूर्वजाची आठवण आहे. दुसरा वर्ग कामावरून आला. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख हे वतनदार. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस हे कचेरीतील लोक. या शब्दांच्या शेवटी असलेला ‘नीस’ हा फारसीतील ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. पेशव्यांचे मूळ आडनाव भट. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले आणि पदाचे नाव हेच घराण्याचे नाव होऊन बसले. पुण्यातील मुजुमदार आणि कलकत्त्यातील मजुमदार यांचे रक्ताचे नाते असण्याचे कारण नाही. दोघांचे नाते आहे ते जुन्या राजवटीतील हिशेबाच्या दप्तराशी.

इतर प्रांतांतही हाच प्रकार दिसतो. गुजरातेत ‘गांधी’ म्हणजे किराणा व सुगंधी द्रव्ये विकणारा. आपले पूर्वज मुळात किराणा मालाचे व्यापारी असावेत, हे महात्माजींनी आपल्या आत्मकथेच्या आरंभीच मोकळेपणाने सांगून टाकले आहे. बंगालमध्ये रवींद्रनाथांच्या घराण्याचे मूळ नाव कुशारी. गंगातीरी वसतीस आलेल्या त्यांच्या ब्राह्मण पूर्वजास आसपासचे साधे लोक आदराने ‘ठाकूर’ म्हणू लागले व तेच नाव रूढ झाले, असे परंपरा सांगते. इंग्रजांच्या तोंडी त्याचेच ‘टागोर’ झाले. आंध्रात घराण्याचे नाव आधी व व्यक्तीचे नाव नंतर येते. १९४८ साली गीतेवर इंग्रजीत भाष्य प्रसिद्ध करणारे डॉ. सर्वेपल्ली राधाकृष्णन् यांच्या नावातील ‘सर्वेपल्ली’ हे नेल्लोर भागातील एका गावाचे नाव. तमिळनाडूत तर पुष्कळ लोक आडनाव लावीतच नाहीत. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर तेवढे नावाआधी लिहितात. तरी त्यांचे संसार, व्यवहार, श्राद्धकर्मे सर्व यथास्थित चालतात.

या सगळ्यांतून निष्पन्न काय होते? आडनाव ही काही सृष्टीच्या आरंभी ठरलेली वस्तू नव्हे. कोणी गाव सोडले, कोणी दप्तर लिहिले, कोणी दुकान मांडले, कोणाला शेजाऱ्यांनी आदराने वा थट्टेने हाक मारली, आणि त्या हाकेचे कुलनाम झाले. पुढे ते कामही उरले नाही. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी गेली. गावचे दप्तर कोणत्याही कुलकर्ण्याच्या घरात आज नाही, पण नाव मात्र आहे. म्हणजे ज्या कर्माने नाव मिळाले ते कर्म सुटले, आणि कर्माचा मान मात्र आपल्याला हवा आहे. कर्म न करता फळाची इच्छा धरावी, असाच हा प्रकार नव्हे काय?

गीतेने या अभिमानाला कोणत्या पंक्तीत बसविले आहे तेही पाहावे. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन करताना भगवंतांनी त्या माणसाच्या मनातील विचार एकेक करून उघडे केले आहेत. आज हे मिळविले, उद्या ते मिळवीन. हा शत्रू मारला, तोही मारीन. मी धनवान आहे, मी मोठ्या कुळातला आहे, माझ्यासारखा दुसरा कोण आहे? धनाचा गर्व आणि हत्येचा गर्व यांच्या ओळीतच कुळाचा गर्व येथे ठेवला आहे. आपल्यापैकी कित्येकांना धनाचा गर्व हा दोष वाटतो. परंतु कुळाचा गर्व मात्र सद्गुण वाटतो. गीतेला तसे वाटत नाही.

हा गर्व केवळ बाळगणाऱ्याचेच नुकसान करून थांबत नाही. तो दुसऱ्याच्या काळजात शिरतो. महाभारताच्या आदिपर्वातील प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. अस्त्रविद्येच्या परीक्षेच्या वेळी कर्ण रंगभूमीवर उतरला आणि अर्जुनाने करून दाखविलेली सर्व कौशल्ये त्याने करून दाखविली. तेव्हा कृपाचार्यांनी त्याला आईचे, वडिलांचे व कुळाचे नाव विचारले. द्वंद्वाच्या रीतीस धरूनच तो प्रश्न होता. पण त्या एका प्रश्नाने त्या तेजस्वी पुरुषाची मान खाली गेली. पुढे वृद्ध अधिरथ तेथे आला, कर्णाने अभिषेकाने भिजलेले मस्तक त्याच्या पायांवर ठेवले, आणि ते पाहून भीमाने त्याला हातात चाबूक घेण्यास सांगितले. ज्या कृतीत पुत्रधर्माचा सर्वात सुंदर आविष्कार होता, तीच कृती उपहासाचे कारण झाली. त्या दिवशी पडलेली भेग पुढे कुरुक्षेत्रापर्यंत रुंदावत गेली.

आता याच प्रश्नाचे दुसरे उदाहरण घेऊ. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाची कथा आहे. गुरुगृही जाण्यापूर्वी त्याने आईला आपले गोत्र विचारले. आई म्हणाली, तारुण्यात मी अनेकांच्या घरी सेवा करीत फिरत असे, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला आणि तुझे सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल असेच सांग. गौतम हारिद्रुमतांनी गोत्र विचारताच त्या मुलाने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ऋषींनी त्याला परत पाठविले नाही. तू सत्यापासून ढळला नाहीस, समिधा घेऊन ये, मी तुझे उपनयन करतो, असे ते म्हणाले. प्रश्न दोन्हीकडे एकच होता. एका ठिकाणी त्या प्रश्नाने दार बंद झाले, दुसऱ्या ठिकाणी त्याच प्रश्नाने दार उघडले. कृपाचार्यांना उत्तरात कुळ हवे होते. हारिद्रुमतांनी उत्तरात मनुष्य पाहिला.

आपणही जेव्हा कोणाचे नाव-गाव विचारतो, तेव्हा या दोहोंपैकी कोणत्या हेतूने विचारतो, हे ज्याचे त्याने आपल्या मनाशी तपासावे. घर भाड्याने देताना, नोकरीस माणूस ठेवताना, मुलाच्या मित्राची चौकशी करताना ‘पूर्ण नाव सांगा’ असा जो आग्रह असतो, त्यात पुष्कळदा आडनावावरून जात ओळखण्याची धडपड असते. समोरच्या माणसाला ते तत्काळ कळते, आणि त्याची मान खाली जाते. पंडितांची दृष्टी सर्वांच्या ठायी सम असते, हे पाचव्या अध्यायातील वचन ज्या ओठांनी सकाळी म्हटले, त्याच ओठांनी दुपारी हा प्रश्न विचारला जातो. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काही स्मृतिवचनांत वर्णानुसार नावे ठेवण्याचा विधी सांगताना एका वर्णाच्या बालकाला हीनत्वसूचक नाव द्यावे, असेही म्हटले आहे. त्या काळची समाजरचना कशीही असो, सर्व भूतांच्या हृदयात ईश्वर राहतो असे सांगणाऱ्या गीतेशी त्या विधानाचा मेळ बसत नाही. आणि जेथे मेळ बसत नाही तेथे गीतेच्या बाजूने उभे राहणे हेच गीताभक्ताचे कर्तव्य होय.

यावर कोणी म्हणेल, मग आडनावच सोडून द्यावे हे उत्तम. तसे करणारे थोर पुरुष झाले आहेत. १६९९ साली आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथ स्थापिला. त्या वेळी मस्तक देण्यास पुढे आलेले पाच जण लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि बीदर अशा देशाच्या पाच दिशांचे व निरनिराळ्या जातींचे होते. गुरूंनी सर्वांना ‘सिंह’ हे एकच नाव दिले आणि त्यांच्याच हातून अमृत घेऊन स्वतःही ‘गोविंदराय’चे ‘गोविंदसिंह’ झाले. लालबहादूर शास्त्री यांनी जातिवाचक नाव टाकले. ‘शास्त्री’ ही त्यांची काशी विद्यापीठातील पदवी होती. ज्याने अंतःकरणपूर्वक असा त्याग केला त्याला वंदनच केले पाहिजे. परंतु आडनाव टाकून जातीचा अभिमान मात्र मनात ठेवता येतो, आणि आडनाव ठेवून अभिमान टाकताही येतो. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी कर्मेंद्रिये आवरून मनाने विषय चघळणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. तो न्याय येथेही लागू आहे.

संन्याशाची गोष्ट वेगळी. तो स्वतःचे श्राद्ध स्वतःच करतो, पूर्वीचे नाव व गोत्र टाकतो आणि गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ इत्यादी दशनामांपैकी एखाद्या नावाने ओळखला जातो. नरेंद्रनाथ दत्त यांचे विवेकानंद झाले ते याच मार्गाने. गृहस्थाला मात्र हा मार्ग नाही. त्याच्या नावावर कोणी कर्ज दिलेले असते, त्याच्या नावाने लेकीबाळी माहेरी येतात, त्याच्या सहीवर चार माणसे विसंबून असतात. ‘माझा आत्मा नामरहित आहे’ असे म्हणून त्याला देणेकऱ्याचे दार चुकविता येणार नाही. मग नाव तर ठेवावयाचे, पण अभिमान ठेवावयाचा नाही, हे साधावे कसे?

याचे उत्तर भगवंतांच्या संबोधनांत आहे. गीतेत भगवंतांच्या मुखातून निघालेला पहिला शब्द ‘पार्थ’ हा आहे. म्हणजे पृथेचा, कुंतीचा पुत्र. अर्जुन ज्या वेळी शोकाने खचून खाली बसला, त्या वेळी भगवंत त्याला पुन्हा ‘पार्थ’ म्हणतात, आणि त्याच श्लोकात ‘परंतप’ही म्हणतात. आईची आठवण आणि शौर्याची आठवण ते एकाच श्वासात देतात. सुखदुःखे सोसावयास सांगताना ते ‘कौंतेय’ म्हणतात, कारण कुंतीइतके दुःख सोसलेली माता दुसरी कोण? तेथेच ते ‘भारत’ म्हणतात, कारण भरतकुळात जन्मलेल्याने धीर सोडणे शोभत नाही. सर्व भूतांच्या अंतरी मी आत्मा आहे, हे सूक्ष्म ज्ञान सांगताना ‘गुडाकेश’, म्हणजे निद्रेला जिंकणारा, असे संबोधितात. जागृत पुरुषालाच ते ज्ञान कळावयाचे. आणि विश्वरूपदर्शनात ‘तू केवळ निमित्त हो’ असे सांगताना त्यांनी ‘सव्यसाची’ हे नाव योजले आहे. दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने बाण सोडणारा तो सव्यसाची. म्हणजे ज्या नावात अर्जुनाच्या हातांचे सारे कर्तृत्व साठविले आहे, त्याच नावाने हाक मारून, हे कर्तृत्व तुझे नव्हे असे त्याला सांगितले. नाव काढून घेतले नाही. नावातील अहंता तेवढी काढून घेतली.

येथे सर्व रहस्य उलगडते. भगवंत नावाचा उपयोग अर्जुनाला फुगविण्यासाठी करीत नाहीत. त्याला त्याच्या कर्तव्याची आठवण देण्यासाठी करतात. नाव हे भूषण नसून ऋण आहे. ते आपण मिळविलेले नाही, दुसऱ्यांनी आपल्याला दिलेले आहे. आणि जे दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हाती दिले, त्याचा गर्व करावयाचा नसतो, ते सांभाळावयाचे असते. मराठीत ‘नावाला जागणे’ असा मोठा अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. नाव मिरविणे निराळे आणि नावाला जागणे निराळे. विराटपर्वात उत्तराने अर्जुनाला त्याची दहा नावे विचारली, तेव्हा अर्जुनाने प्रत्येक नावाचे कारण सांगितले. त्यांपैकी ‘बीभत्सू’ या नावाचे कारण असे की, युद्धात तो कधीही निंद्य कर्म करीत नाही. हे नाव म्हणजे एक व्रतच आहे. आणि लक्षात घ्यावे की, हा दशनामांचा धनी तोपर्यंत वर्षभर बृहन्नडा या नावाने राजकन्येला नृत्य शिकवीत होता. नाव गेले म्हणून त्याचे काही गेले नव्हते. वेळ येताच तो त्या नावांना जागला.

आणखी एक गोष्ट. भगवंतांची ‘पार्थ’ आणि ‘कौंतेय’ ही आवडती संबोधने आईच्या नावावरून आहेत. सत्यकामाचे ‘जाबाल’ हेही आईच्याच नावावरून. बृहदारण्यकाच्या शेवटी आचार्यांची जी परंपरा दिली आहे, तीही पुत्रांना मातांच्या नावाने उल्लेखिते. आईचे नाव लावणे ही नवी टूम नव्हे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे आवश्यक केले, तेव्हा ज्यांना आश्चर्य वाटले त्यांनी गीतेचा पहिलाच अध्याय उघडून पाहावा. जिने नऊ महिने वाहिले तिचे नाव ऋणाच्या खात्यात असावे, हे न्याय्यच आहे.

नाव देणे ही तर याहूनही मोठी जबाबदारी आहे. पूर्वी ज्या घरी मुले जगत नसत तेथे धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवीत. वाईट दृष्टी पडू नये, मूल दगडासारखे टिकावे, ही त्यामागे मातेची तळमळ असे. नाव ओबडधोबड, पण त्यात प्रेम होते. याउलट मुलगी नको असताना झाली म्हणून तिचे नाव ‘नकुशी’ ठेवण्याची रीत काही घरांत होती. ती मुलगी शाळेत हजेरी देताना रोज स्वतःच्या तोंडाने ‘मी नको असलेली’ असे सांगत असे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ज्यांनी हे घडवून आणले त्यांनी एक संस्कारच केला; कारण नामकरणाचा हेतू बालकाचे मंगल व्हावे हा आहे, आणि अमंगल नाव हे झालेले नामकरणच नव्हे. भागवतातील अजामिळाने मुलाचे नाव नारायण ठेवले व अंतकाळी त्यालाच हाक मारली, ही कथा प्रसिद्ध आहे. देवाचे नाव लेकराला देण्यामागे आपल्या पूर्वजांचा हाच विचार होता की, संसारातील हाकेतूनही स्मरण घडावे.

तेव्हा गृहस्थाने काय करावे? मुलाचे नाव ठेवताना त्याचा अर्थ पाहावा, आणि तो मोठा झाल्यावर त्याला तो अर्थ समजावून सांगावा. आपल्या आडनावाचे मूळ घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मुलांना सांगावे. पूर्वज दप्तर लिहीत असतील तर खरे लिहिण्याचा, दुकान चालवीत असतील तर खरे माप देण्याचा वारसा त्यातून घ्यावा. कोणाचेही नाव विचारताना त्याची मान ताठ राहील अशा रीतीने विचारावे. सही करताना क्षणभर थांबून, ज्यांनी हे नाव दिले त्यांना हे कृत्य आवडेल काय, एवढे मनाशी म्हणावे. कर्ज फेडल्यावर सावकाराचे दडपण उरत नाही; त्याप्रमाणे नावाचे ऋण कर्तव्याने फिटत गेले की अभिमान आपोआप ओसरतो.

मुंडकोपनिषदात म्हटले आहे की, नद्या समुद्रास मिळतात तेव्हा आपले नाव व रूप टाकतात. परंतु समुद्रास मिळेपर्यंत गंगेने गंगा म्हणूनच वाहावयाचे आहे, कृष्णेने कृष्णा म्हणूनच. काठच्या गावांना पाणी पाजीत, शेते भिजवीत वाहणे हेच तिचे नावाला जागणे. आपलेही नाव एक दिवस त्या अनामात मिळावयाचे आहे. तोपर्यंत त्या नावाने कोणाचे तरी कल्याण व्हावे, आणि दिवसाकाठी काही क्षण तरी ते नाव विसरून आपल्या मुखी भगवंताचे नाव यावे, एवढीच त्या पार्थसारथीच्या चरणी प्रार्थना.